यादीतून गाळलेलं घर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या अंगणवाडीतल्या पहिल्या पोरींची पोरं आता माझ्याकडे खिचडी खायला येतात. दुपार झाली, सगळी घरी गेली, मदतनीस भांडी घासतेय आणि मी दारात चटईवर बसून तुला लिहितेय. मला पत्र लिहायची सवय नाही, तुला वाचायची नव्हती. तू अंगठ्याच्या जागी सही करायला शिकलीस ती माझ्याकडूनच, आणि तेही माझ्यावर उपकार केल्यासारखं. पण एक गोष्ट पोटात राहिली आहे आणि ती सांगायला इथे माझ्या वरचं माणूस उरलेलं नाही. मीच सगळ्यांच्या वर जाऊन बसले आहे. तुझा जावई दोन वर्षांपूर्वी गेला, तो असता तर त्याला सांगून त्याच्या शिव्या खाल्ल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

तर ऐक. आपल्या पाड्यावरच्या ख्रिस्ती मंडळींची प्रमुख आता मी आहे. हसू नकोस. फादरांनी विचारलं, कोणी पुढे येईना, आणि माझा आवाज मोठा, म्हणून झाले. ऑक्टोबरात मरियेची मूर्ती घरोघर फिरते ना, तिची यादी मीच करते. तुझ्या वेळेसारखंच आहे अजून. तिन्हीसांजेला कालच्या घरातून मूर्ती उचलायची, गाणी म्हणत आजच्या घरी न्यायची, खुर्चीवर धुतलेलं लुगडं घालून बसवायची, दहा-दहा नमो मरियांच्या पाच फेऱ्यांची माळ म्हणायची. मग घरवाल्यांचे चणे, चहा. रात्रभर आणि दुसरा दिवसभर मूर्ती त्यांच्याकडे. घरांचा क्रम ठरलेला, ओळीने, खालच्या विहिरीपासून वर चिंचेपर्यंत. उधव्याच्या पलीकडून, गुजरातेतून आलेली एक सून आहे, ती माळेतला जबाब गुजरातीतून देते, तेही आता कानाला गोड लागतं. महिन्याचे दिवस एकतीस आणि आपली घरं बत्तीस. आजवर अडलं नाही, कारण एका अंगणातले दोघे भाऊ एकच दिवस वाटून घ्यायचे. यंदा त्यांचं कुंपणावरून बिनसलं. दोघांनाही वेगळा दिवस पाहिजे. म्हणजे एक घर गळणार. आणि मी, तुझी लेक, पेन घेऊन बसले आणि एक घर गाळलं.

कोणाचं ते सांगते. विहिरीच्या वरच्या वळणावरचं. तो चाळिशीतला माणूस, चर्चमध्ये ढोलकी वाजवायचा. वाजवायचा म्हणजे काय, पाय थिरकायचे म्हाताऱ्यांचे! मोजून ठेका, एक मात्रा इकडची तिकडे नाही. त्याची पोर अकरा वर्षांची होती. माझ्याच अंगणवाडीत आली, मीच तिचं वजन केलं, मीच तिला सरळ रेघ काढायला शिकवलं आणि तिने कधी सरळ काढली नाही. मागल्या वर्षी, मूर्तीचा महिना संपल्यावर, कापणीत तिला मण्यार चावली. दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. जीपमध्ये तो सबंध रस्ता प्रार्थना म्हणत होता, मी शेजारी होते, मी ऐकलं. मातीच्या तिसऱ्या दिवशी त्याने ढोलकी आणून चर्चच्या पायरीवर ठेवली. म्हणाला, "ठेवा. मी बोललो तेव्हा वरून कोणी ऐकलं नाही, आता मीही वाजवत नाही." तेव्हापासून चर्चला आला नाही. चैत्रात कोणीतरी त्याला विवळवेढ्याच्या देवीच्या जत्रेत बघितलं म्हणे, मेहुण्याबरोबर. तिथे तो काय करत होता? तर उसाचा रस पीत होता. आपले निम्मे सोयरे त्या जत्रेला जातात, तूही जायचीस बांगड्या भरायला. पण बायांनी त्याचं एवढं केलं, एवढं केलं, की मलाही वाटायला लागलं की हा गेलाच आपल्यातून. मग यादी करताना मनात म्हटलं, हा हात तरी जोडणार आहे का? याच्याकडे नेऊन काय उपयोग? आणि मारली रेघ.

त्याला सांगायलासुद्धा गेले नाही, आई. हे सगळ्यात वाईट. म्हटलं त्याला कुठे पडलंय.

अकराव्या दिवशी मूर्ती त्याच्या खालच्या घरातून निघाली ती त्याच्या वरच्या घरी जायची होती. वाट त्याच्या दारावरूनच. मूर्ती माझ्याच हातात. वळण घेतलं आणि बघते तर त्याची बायको दारात उभी. अंगण शेणाने सारवलेलं, अजून ओलं. खुर्ची मांडलेली, तिच्यावर तिचं लग्नातलं लुगडं, झेंडूची फुलं, दोन मेणबत्त्या. दरवर्षी अकरावा दिवस त्यांचा, तिने कोणाला विचारायचं कशाला? तिने आम्हाला बघून पदर डोक्यावर घेतला आणि मूर्ती घ्यायला दोन्ही हात पुढे केले. आणि मी थांबले नाही. "तुमचं बघू पुढे," असं म्हणाले आणि चालत राहिले. रेशनच्या रांगेत बोलतात तसं. ती मागे सरकली, वाट दिली आम्हाला. मागे गाणं चालू होतं ते विस्कटलं. तो ओट्यावर विळा घासत बसला होता. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, रागाने नाही, आणि बायकोला म्हणाला, "आत ये." बस. त्या पुढच्या घरात मी पाचही फेऱ्या खणखणीत आवाजात म्हटल्या. लाज वाटली की माझा आवाज चढतो, तुला माहीतच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी इथेच, या दारात, मी आणि मदतनीस तांदूळ निवडत होतो. सूप हातात आणि एकदम तुझं तलासरीच्या होस्टेलचं स्वयंपाकघर पुढे उभं राहिलं. धूर, तीन चुली, पोरी बसून आंघोळ करतील एवढा तो टोप, आणि तू त्यात ओणवी. मी बारा वर्षांची. स्वयंपाकीणबाईची पोर म्हणून मला वाटायचं सगळं होस्टेल माझ्या बापाचं. आपल्यातलीच एक नवीन मुलगी आलेली असते, नुकतीच आई वारलेली. जेवणाआधी सगळ्या प्रार्थना म्हणतात आणि ती ओठ मिटून उभी राहते. मी तीन दिवस तिच्यावर डोळा ठेवते आणि चौथ्या दिवशी जाऊन सिस्टरांना सांगते. सिस्टर तिला सगळ्यांसमोर दोन शब्द बोलतात, फार नाही, पण समोर. मी शहाण्यासारखी तुझ्याकडे येते, खरवड मागायला. भाताच्या तळाची खरवड माझ्या हक्काची, रोजची. तू टोप खरवडतेस, केळीच्या पानावर सगळी काढतेस, आणि मला ओलांडून त्या मुलीला नेऊन देतेस. अगं, मला ते अजून झोंबतं! खरवडीसाठी की लाजेने, सांगता येत नाही.

मग परत येऊन तू कमरेवर हात ठेवलास. "तुला पोलीस कोणी केलं गं?"

मी म्हटलं, "ती प्रार्थना म्हणत नाही."

"म्हणवत नसेल."

"का नाही म्हणवत? सगळ्यांना म्हणवते."

"ते तिला विचार. शनिवारी दोघी मिळून तांदूळ निवडायचे. तू तोंड उघडायचं नाही. ती बोलली तर ऐकायचं."

तो शनिवार माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब शनिवार. दोन पोती तांदूळ आणि माझं तोंड बंद, याहून मोठी शिक्षा तुला सुचली नसती. पहिलं पोतं संपेपर्यंत ती काही बोलली नाही. दुसऱ्या पोत्यात, खडे वेचता वेचता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आईला दुखत होतं तेव्हा मी म्हणत बसले होते. मध्येच मला झोप लागली. उठले तर ती गेलेली. आता परत म्हणायला घेतलं आणि परत झोप लागली तर?" एवढंच. मी बारा वर्षांची, मला काय कळणार, पण सूप हातातून सुटलं. तुला येऊन सांगितलं तेव्हा तू फोडणी थांबवली नाहीस. म्हणालीस, "रोज जेवणाआधी मी दोनदा म्हणते. एकदा माझं, एकदा तिच्या वाटचं. पोरीला उचलत नाही तर दुसऱ्याने टोक धरायचं. बोंबलायचं नाही." ती मुलगी आता डहाणूला नर्स आहे, आजी झाली. कधी स्टेशनजवळच्या बाजारात भेटते. चर्चचं ती अजूनही फार बोलत नाही. तुझं मात्र बोलते, हमखास, दर वेळी.

तर सूप मदतनिशीच्या हातात दिलं आणि तडक त्याच्या शेतावर गेले. तो एकटाच भात कापत होता. वाकलेला, मला बघून सरळही झाला नाही. बांधावर उभं राहून मी म्हटलं, "चुकलं माझं."

"चुकलं कसलं, बाई? मी चर्चला येत नाही. तुम्ही घर गाळलंत. बरोबरच आहे."

"बरोबर नव्हतं. तुझी बायको सारवून बसली होती."

आता तो थांबला. "दोन दिवस सारवत होती," म्हणाला. "मी तिला बोललो, येणार नाहीत ते. ती म्हणाली, माणसं विसरतील, मूर्ती विसरणार नाही." मग परत एक मूठ कापली. मला वाटलं बांधानेच मला पोटात घ्यावं.

"महिन्याच्या शेवटच्या दिवशी तुझ्याकडे आणते. माणसं घेऊन," मी म्हटलं.

"आणा. तिच्यासाठी आणा. पण मी आत बसून नुसती मान हलवणार नाही. तोंडाने एक आणि आत एक, असं खोटं मला नाही जमत."

आई, हे वाक्य त्याने सहज टाकलं आणि मला असं लागलं की काही विचारू नकोस. मी म्हटलं, "नको हलवूस. ओट्यावर बस."

"आणि मध्येच उठून गेलो तर?"

"बैल सुटले म्हणून सांग."

"बैल विकले मी."

"मग कोंबड्या सांग! काहीतरी सांग की रे."

तेव्हा तो हसला. थोडंच, पण वर्षाने हसलेला माणूस लगेच ओळखू येतो.

शेवटचा दिवस माझा होता, हे तुझ्या ध्यानात आलं असेलच. प्रमुख म्हणून मी तो ओळ मोडून स्वतःसाठी ठेवलेला. त्या दिवशी जास्त माणसं येतात, खीर असते, आशागडहून लेक-जावई येणार होते, मी नारळ आणून ठेवले होते. तो दिवस सोडताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू. पण त्याहून कठीण होतं ते बाकीच्यांना सांगणं. माळ संपल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं की माझा दिवस त्याच्या घराला. लगेच कुजबुज. आपल्यातला सगळ्यात म्हातारा माणूस म्हणाला, "असं केलं तर उद्या सगळेच चर्चला यायचे बंद होतील आणि म्हणतील मूर्ती घरी आणा." मी म्हटलं, "आणू की! तेवढंच तुमचं चालणं होईल, साखर उतरेल." हशा झाला. मग मी खरं ते बोलले. म्हटलं, त्याच्या पोरीला आपण सगळ्यांनी माती दिली आणि त्यानंतर कितीजण त्याच्या ओट्यावर चढलो, हात वर करा. कोणाचा हात वर गेला नाही. माझाही नाही. चर्चला का येत नाहीस, एवढंच विचारत राहिलो त्याला, वाटेत, दुकानात, विहिरीवर. कसा आहेस, हे कोणी विचारलं नाही. म्हातारा टोपी चुरगळत म्हणाला, "मेणबत्त्या मी आणतो."

आणि गेलो, आई, सगळे गेलो. ते दोघे भाऊसुद्धा आले, एकमेकांकडे न बघता का होईना. तिने परत सारवलं होतं, परत तेच लुगडं. घराच्या भिंतीही नवीन लिंपल्या होत्या, एक जागा सोडून. दाराच्या आतल्या अंगाला, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, पोरीने कधीतरी खडूने काढलेला कोंबडा. वाकडातिकडा, तीन पायांचा. त्याच्याभोवतीने हात फिरवून बाकीची भिंत लिंपलेली आणि तेवढा जुना तुकडा तसाच ठेवलेला. माझी बसायची जागा नेमकी त्याच्यासमोर. तो स्वतः ठरल्याप्रमाणे बाहेर ओट्यावर, पाठ आमच्याकडे. पहिली फेरी घरवालीने म्हटली, दुसरी म्हाताऱ्याने, तिसरी माझी. तुला ठाऊक आहे, अर्धं एकाने म्हणायचं आणि उरलेलं अर्धं सगळ्यांनी. मी म्हणत होते, ते म्हणत होते, माळ हातात होती, आणि माझी नजर त्या कोंबड्यावर. मग एकदम आमच्या घरातला खिळा दिसायला लागला, ज्याच्यावर तुझ्या जावयाचा निळा सदरा दोन वर्षं लटकतो आहे आणि मी तो धुतही नाही आणि काढतही नाही. मध्ये काय म्हटलं, किती म्हटलं, मला काही कळलं नाही. फेरी संपवली आणि चौथी शेजारणीला दिली.

माळ झाल्यावर आत सगळ्यांनी गोंगाट केला, खीर वाढायला घेतली. खीर मीच करून नेली होती, नारळ वाया थोडेच घालवणार! मला आत गुदमरायला लागलं म्हणून ओट्यावर आले. तो गवती चहाचा कप घेऊन आला, मला दिला आणि शेजारी टेकला. उठून गेला नव्हता. कोंबड्यांचं कारणही लागलं नव्हतं. हळूच म्हणाला, "बाई, तिसऱ्या फेरीत तुमचे आठच झाले."

बाहेर पाठ करून बसलेला हा माणूस सगळे नमो मरिया मोजत होता! बरं, तोंडाने न म्हणणारा तो, आणि मोजणाराही तोच. आत एवढ्या बाया, एकीलाही कळलं नाही, की कळून गप्प बसल्या देव जाणे. मी म्हणणार होते की घसा बसला, वय झालं. पण त्याने शेतात मला खरं सांगितलं होतं. मग मीही सांगितलं. म्हटलं, "दोन वर्षं माझं नुसतं तोंड हलतंय रे. हे गेल्यापासून. आत काही नाही. सवयीने म्हणते, मोठ्याने म्हणते, म्हणून कोणाला समजत नाही." आई, हे मी कोणाला बोलले नव्हते. फादरांना नाही, लेकीला नाही. त्याचं घर गाळताना माझा हात एवढ्या पटकन का चालला, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. तो चारचौघांत बोलून मोकळा झाला होता आणि मी यादी करत बसले होते. तुला कधी असं झालं होतं का गं? त्या दोनदा म्हणण्यातलं तुझं स्वतःचं एखाद दिवशी राहून जायचं का? विचारायचं राहिलं. तेव्हा मला वाटायचं तू तशीच जन्मलीस.

तो माझ्यावर हसला नाही, उपदेशही केला नाही. एवढंच म्हणाला, "आणि वर दुसऱ्यांच्या याद्या करता." मला हसू फुटलं, चहा सांडला लुगड्यावर. मग म्हणाला, "दोन राहिलेत. म्हणून टाका."

"इथे?"

"मी आहे की बसलेला."

मी म्हटलं माझं अर्धं. पुढचं अर्धं म्हणायला कोणी नव्हतं. तो समोर बघत बसला, त्याला म्हणायचं नव्हतं, तो म्हणाला नाही. तर मागून उंबरठ्यावरून त्याच्या बायकोने म्हटलं, हातात खिरीची वाटी घेऊन, अगदी सहज, मीठ मागावं तसं. एक झाला. दुसरा सुरू केला आणि माझ्याने होईना. दोन शब्दांवर अडलं आणि रडायलाच आलं, पदर तोंडात घालून रडले, आत ऐकू जाऊ नये म्हणून. तिने वाटी खाली ठेवली, माझ्या पाठीवर हात ठेवला. तो रस्त्याकडे बघत राहिला, माझं होईपर्यंत. मग म्हणाला, "झाले दहा."

त्याला गुरुवारी आमच्याकडे जेवायला बोलावलंय, दोघांनाही, सुकटीचा रस्सा करणार आहे. चर्चला ये म्हणून मी त्याला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. मला बरं वाटतंय आई, खूप दिवसांनी बरं वाटतंय. हे पत्र घडी करून ठेवून देईन, तुला कुठे पाठवणार. पण तुझ्याशी तरी खोटं नको. दहा झाले नव्हते. नऊच झाले होते. मोजण्यात कधी न चुकणाऱ्या त्या माणसाने मला एक सोडून दिला, आणि मी गपचूप तो घेतला.